कृमाप डॉक्टरांचा कागद

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पार्सल परवा मिळालं. चारही झबली छान झाली आहेत. फक्त ती तुझ्या भाचीला शिवलीस की माझ्या नवऱ्याला, एवढं कळव. बाह्या दोनदा दुमडल्या तेव्हा कुठे बोटं दिसली. वाढत्या अंगाचं शिवायची तुझी खोड जायची नाही. मला तर शाळेत कधी मापाचा फ्रॉक घातल्याचं आठवत नाही. वर्ष संपेपर्यंत फ्रॉक फाटायचा, पण अंगाला यायचा नाही.

फोनच केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोलले की पोर दचकून उठते. तीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून तू कानांची पार वाट लावून घेतलीस. तेव्हा पत्रच बरं.

विचारायचं ते असं. पोर सात महिन्यांची झाली आणि मी सोमवारपासून काचेच्या कारखान्यात परत रुजू होते आहे. तोच स्टूल, समोर तोच पांढरा दिवा, त्याच्यापुढून बाटल्या सरकणार आणि मी त्यांतले बुडबुडे नि तडे शोधणार. पोर दिवसभर खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे राहील. मावशी प्रेमळ आहेत, पण त्यांचं म्हणणं असं की आता हिला अंडं उकडून कुस्करून द्यायचं, बटाटा चेचून द्यायचा आणि वर लोण्याचा गोळा घालायचा. त्यांची तिन्ही मुलं अशीच वाढली म्हणे. मला धाडस होत नाही. हे ट्रक घेऊन बाहेरगावी, शनिवारी येतील, आणि आले तरी त्यांना यातलं काय कळणार आहे? आई असती तर तिला विचारलं असतं. खरं सांगू, ती असती तरी तुलाच विचारलं असतं. मला तू वाढवलंस. तू म्हणशील तसंच करीन.

माप लिहून घे: छाती सतरा, फ्रॉकची लांबी चौदा. लोभ आहेच, तो मात्र वाढत्या अंगाचाच असू दे.

तुझी,
धाकटी


३० जानेवारी

चि. पाऊणमीटर हिस अ. आ.

तुझ्या पत्रातला सगळा चेष्टेचा भाग मी वाचलाच नाही असं समज. शाळेच्या पहिल्या फ्रॉकला वर्गातल्या मुलींना सव्वा मीटर कापड लागलं आणि तुझा पाऊण मीटरात झाला, त्यात माझा काय दोष? बाबांना केवढं कौतुक वाटलं होतं. पोर कापड वाचवते म्हणाले होते. तेव्हापासूनचं तुझं हे नाव आहे आणि ते मी मरेपर्यंत घेणार.

आता कामाचं. त्या मावशींना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं अंडं त्यांनाच खाऊ दे. सात महिन्यांच्या जीवाचं पोट ते केवढं. तू वर्षाचीही नव्हतीस तेव्हा तुझं पोट बिघडलं होतं, आणि डॉक्टरांनी मला कागदावर सगळं लिहून दिलं होतं. तो कागद मी खळ लावून आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, तो अजून तिथेच आहे. चार घरं बदलली, कपाट सोडलं नाही. आत्ता दार उघडून शब्दन् शब्द उतरवून घेतला आहे:

“दूध निम्मे पाणी घालून. पेज पातळ. भाज्या उकडून त्यांचे पाणी. सर्व फडक्यातून गाळून देणे. अंडे, लोणी, तेल बंद. कृ. मा. प.”

कृमाप डॉक्टर आठवतात ना? तुला कशाला आठवतील, तू कडेवर होतीस. नावाला साजेसाच माणूस, कृश आणि मोजकं बोलणारा. त्यांच्या एका कागदावर मी तुला वाढवलं. पुन्हा एकदाही पोट बिघडू दिलं नाही. अकरा वर्षांची होते मी.

सोबत मलमलीची सहा फडकी पाठवते आहे, गाळायला. कडा दुहेरी दुमडून शिवल्या आहेत, म्हणजे दोरा सुटून पोरीच्या तोंडात जायला नको. रोज उकळून वाळवत जा. फ्रॉक दोन आहेत, दोन्हींना खाली चार बोटं दुमड ठेवली आहे. पोर वाढेल तशी एकेक बोट उसवत जा.

अर्धामीटरला माझा पापा. माया राहू दे, मावशींचं ऐकू नकोस.

तुझी,
ताई


२४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोर वर्षाची झाली. तू पाठवलेला फ्रॉक घालून फोटो काढला. त्यात फ्रॉक फार छान आला आहे, पोर शोधावी लागते.

तुझी फडकी रोज दोरीवर वाळत असतात, इतकी की शेजारी विचारतात घरात रोज कुणाच्या जखमेला पट्ट्या बांधाव्या लागतात की काय. तू लिहिलंस ते मी अक्षरशः पाळते. दूध निम्म्या पाण्याचं, पेज गाळून, भाजीचं पाणी. पोट एकदाही बिघडलं नाही. आणि गुणी म्हणजे किती गुणी. रडणं नाही, हट्ट नाही, ठेवलं तिथे बसून राहते. हे म्हणतात, अशी शहाणी पोर मिळत असेल तर आणखी दोन चालतील. मी म्हटलं, तुम्ही ट्रक चालवा.

मावशींशी मात्र जरा वाजलं. मी नसताना त्यांनी हिला केळं कुस्करून भरवलं, तर हिला ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणतात, सवय नाही म्हणून ठसका लागला. मी म्हटलं, म्हणूनच सवय नको. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या की हिच्या वयाला त्यांची मुलं भिंत धरून उभी राहायची. पोर अजून नीट रांगतही नाही. मला रुखरुख लागली, म्हणून लस टोचायला गेलो तेव्हा तिथल्या नर्सबाईंना विचारलं. त्यांनी आधी पोरीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आईच एवढीशी, पोर कुठून मोठी होणार. मी घरी येऊन बिनघोर झोपले.

माप तेच आहे, छाती सतरा, लांबी चौदा. नवीन काही शिवू नकोस, आहेत तेच पुरतील. तुझी माया पोचते आहे, अशीच येत राहू दे.

तुझी,
धाकटी


५ जुलै

चि. पाऊणमीटर हिस अ. आ.

फोटो मशीनसमोरच्या भिंतीला लावला आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवते. कुणी फ्रॉकची तारीफ करतं, कुणी पोरीची. मी दोन्ही ठेवून घेते.

नर्सबाई बरोबर बोलल्या. पोर तुझ्यावर गेली आहे. तूही दीड वर्षाची होईपर्यंत बसूनच होतीस आणि मला ते सोयीचंच होतं. चूल, भांडी, अभ्यास, सगळं उरकेपर्यंत तू कपाटाला टेकून बसलेली असायचीस. शेजारच्या बायका म्हणायच्या, आई गेली पण पोरीला शहाणपण देऊन गेली.

एकच विचारते, उगीच आपलं. दोन फ्रॉकांची मिळून आठ बोटं दुमड ठेवली होती. त्यातली किती उसवलीस? माझ्या गिऱ्हाइकांची या वयाची पोरं सहा महिन्यांत दुमड संपवून फ्रॉक परत आणतात. तू लिहितेस की माप तेच. पट्टी नीट धरतेस ना? छातीचं माप काखेच्या खालून घ्यायचं, पोर श्वास सोडेल तेव्हा. तुला माप घेता येत नाही हे मला ठाऊकच आहे. बुडबुडे शोधणं वेगळं.

तब्येतीला जपा. अर्धामीटरला खूप खूप पापे. ओढ आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. तुझी आणखी दोन पत्रं येऊन पडली आहेत. तू विचारलं होतंस ते आधी सांगते. एकही बोट उसवलं नाही. माप मी नीट घेत होते, ताई.

गेल्या महिन्यात पोरीला ताप आला म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं. तापाचं काही नव्हतं, उतरला. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला फळीवर झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, वजन केलं आणि एका कार्डावर ठिपका दिला. कार्डावर रेघा असतात. सगळी पोरं त्या रेघांच्या मधे कुठेतरी असतात. हिचा ठिपका सगळ्यांत खालच्या रेघेच्याही खाली पडला. दीड वर्षाची पोर आणि लांबी अठ्ठावीस इंच. बाईंनी विचारलं, काय भरवता? मी सगळं सांगितलं, ताठ मानेने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही हिला दहा महिने पाणी पाजलंत. पोट भरत होतं, पोर भरत नव्हती. ती रडत नव्हती ती गुणी म्हणून नव्हे, रडायला लागते तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती.

मग त्यांनी माझी उंची घेतली. घरात आणखी कोण बुटकं आहे, असं विचारलं. कुणी नाही, ताई. आई उंच होती, बाबा दारातून वाकून यायचे, तू माझ्यापेक्षा हातभर उंच. मी कशी वाढले हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं जानेवारीतलं पत्र पिशवीतून काढून दिलं. तू उतरवून पाठवलेला कागद मी वर्षभर बरोबर बाळगत होते. त्यांनी तो वाचला आणि मला विचारलं की मागे काय लिहिलं आहे? मला कळेना. कशाच्या मागे? त्यांनी शेवटच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, हे डॉक्टरांचं नाव नाही. कृपया मागे पहावे.

मी दिवसाला हजारो बाटल्या पाहते. केसाएवढा तडा सोडत नाही. हे पत्र मी शंभर वेळा वाचलं असेल. पण कृमाप डॉक्टर मला बोलता येऊ लागल्यापासून माहीत होते, आपल्या घरातलेच होते, मग त्यांच्या नावाकडे मी कशाला पाहीन?

ताई, कागदाच्या मागे काय आहे? बघून कळव. आज एवढंच.

तुझी,
धाकटी


२० डिसेंबर

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना उद्या या म्हटलं आणि दार लावून घेतलं.

कपाटाच्या दाराला ओलं फडकं दाबून धरलं. खळ जुनी, तासभर सुटेना. मग कात्रीच्या पात्याने कडेकडेने सोडवत गेले. पुढची बाजू शाईची, ती थोडी फुटली. मागची शिसपेन्सिलीची होती म्हणून राहिली. बहुतेक डॉक्टरांच्या पेनातली शाई संपली असेल. कागद पाठपोट लिहिलेला होता; तेव्हा खळ मी दाराला फासली होती, कागद उलटा करून पाहिलाच नव्हता. मागे असं आहे:

“हे फक्त आठ दिवस. नंतर दूध बिनपाण्याचे. घरात शिजेल ते सर्व मऊ करून, न गाळता, लोणी किंवा तेल घालून, दिवसातून पाच वेळा. अंडे रोज. मूल भुकेले आहे.”

शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ मारलेली आहे.

मी तुला तीन वर्षांची होईपर्यंत गाळून दिलं. नंतरही हात आखडताच ठेवला, कारण ‘बंद’ असं लिहिलेलं होतं आणि बंद म्हणजे मला कायमचं बंद वाटलं. बाबा सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. त्यांना मी कागद वाचून दाखवला होता, पुढची बाजू. ते म्हणाले, तू आहेस म्हणून निभावतंय. तेवढ्या वाक्यावर मी इतकी वर्षं जगले बघ.

आणखी एक सांगायला हवं. कागद देताना डॉक्टर काहीतरी सांगत होते. तू कडेवर रडत होतीस आणि मला घरी जायची घाई होती, चुलीवर पाणी ठेवून आले होते. मी मान डोलावली. तेव्हा माझे कान चांगले होते.

तू माझ्या पाठची, पण मी तुला पोटच्या पोरीसारखी वाढवली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. दुकानात येणाऱ्या बायकांनाही सांगायची. मुलांच्या खाण्याबद्दल त्या मला विचारायच्या आणि मी सांगायचीसुद्धा. किती जणींना सांगितलं ते आता आठवत बसते.

कागद सोबत ठेवला आहे. तो आता माझ्याकडे ठेववत नाही. माफी कुठल्या तोंडाने मागू, ते कळत नाही. पोर भरेल का पुन्हा, बाई काय म्हणतात, एवढं लिही. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. कागद मिळाला. हिने तो वाचला, उलटा करून वाचला, मग दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, डोक्यावर खूण करा. मी केली. मग म्हणाली, आता तुमच्या अंदाजाने कुठे असायला हवी होती तिथे करा. मी नाही केली. त्या दिवसापासून ती तुमचं नाव काढत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

पोरीचं तुम्ही विचारलंत. वजन चढतं आहे. मावशींकडे अंडं, बटाटा, लोणी, सगळं चालू आहे. सुरुवातीला तोंडात घास घोळवत बसायची, चावावं कसं हेच तिला माहीत नव्हतं. बाईंना मी एकट्याने गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, वजन भरून येईल, उंची मात्र पुरती येणार नाही, आणि बोलणं-समजणं यात किती मागे पडेल ते आज सांगता येत नाही. पहिली दोन वर्षं वाढीची असतात, त्यातलं दीड गेलं.

मी तुम्हाला दोष द्यावा असा काही मी मोठा लागून गेलो नाही. पोर रडत नाही म्हणून मीच सगळ्यांत खूश होतो. ट्रकवाल्या दोस्तांना सांगायचो, मला घरी आल्यावर झोप मिळते. फक्त एक विनंती आहे. काही दिवस कपडे पाठवू नयेत. आणि ती दोन नावं, हिचं आणि पोरीचं, पत्रात घालू नयेत. राग मानू नये.

आपला,
धाकटीचा नवरा


३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आठ महिने झाले. तुझी सगळी पत्रं वाचली, एकही फेकलं नाही. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीतच पेन अडायचं.

मी रागावून बघितलं. अकरा वर्षांच्या मुलीवर रागावता येत नाही. ती डोळ्यांपुढे येते, कडेवर मी, हातात कागद, आणि चुलीवर पाणी उकळत असलेलं. तिला जवळ घ्यावंसं वाटतं. पण त्या जानेवारीत मी विचारलं ते तिला नव्हतं, चव्वेचाळीस वर्षांच्या तुला विचारलं होतं, आणि तू दार उघडून तोच कागद उतरवून दिलास. तिथे मला माफ करता येत नाही. मग वाटतं, मावशी समोर बसून सांगत होत्या, मी त्यांना गप्प केलं. स्वतःलाही माफ करता येत नाही. एवढ्यावरच आहे सगळं, पुढे सरकत नाही.

पोरीचं सांगते. सव्वादोन वर्षांची झाली. वजनाचा ठिपका खालच्या रेघेच्या वर आला. उंचीचा खालीच आहे. गेल्या खेपेला बाई म्हणाल्या, आता याच्यापेक्षा फार अपेक्षा धरू नका, खाऊ घालत राहा. शब्द चार येतात. त्यातला एक ‘अजून’. ताट रिकामं झालं की म्हणते, अगदी हळू म्हणते, जणू मागायची परवानगी आहे की नाही ते तिला पक्कं ठाऊक नाही. मावशी लगेच वाढतात. मी तिथे असले तर मला उठून बाहेर जावं लागतं.

आता रडतेसुद्धा. हट्ट करते, भांडी आपटते. हे म्हणतात झोप गेली, आणि मग बोलल्याचं वाईट वाटून तिला कडेवर घेतात. परवा अंगणात तिच्याच वयाच्या मुलीबरोबर उभी होती. कुणीतरी त्या मुलीला म्हणालं, धाकट्या बहिणीला सांभाळ हं. मी हिला उचलून घरात आणलं.

तुझी आठवण येत नाही असं नाही. कपाटाला टेकून बसलेली मी मला आठवत नाही, पण तू भांडी घासताना म्हणायचीस ते पाढे अजून कानात आहेत. तू ये असं मी आज म्हणत नाही. कधी म्हणेन ते ठाऊक नाही.

एक काम मात्र आहे. जुने फ्रॉक विटले, आणि बाजारातले हिच्या वयाचे घेतले तर अंगावर लोंबतात, हिच्या मापाचे घेतले तर त्यांवर सहा महिने, आठ महिने असं छापलेलं असतं. मला ते वाचवत नाही. तू शिवतेस त्यावर काही छापलेलं नसतं. म्हणून दोन शीव. छाती अठरा, लांबी पंधरा. माप मी तीनदा घेतलं आहे, काखेखालून, तिने श्वास सोडला तेव्हा. बरोबर आहे.

या वेळी वाढत्या अंगाचं शिवू नकोस, ताई. अगदी मापाचं शीव. खाली दुमडही ठेवू नकोस, ती उसवायची वाट बघणं आता माझ्याने होत नाही.

माया उरली असेल तेवढी धाड.

तुझी,
धाकटी